पावसाळी कुरण आणि अंगाने जाड तट्टू: लॅमिनायटिस टाळण्यासाठी चराई कशी आखावी

पाचगणीच्या टेबललँडवर आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरणारी तट्टे हंगामात दिवसभर चालत असतात. पावसाने जोर धरला आणि पर्यटकांची वर्दळ थांबली, की ती एकाएकी बिनकामाची होतात. नेमक्या याच दिवसांत डोंगरउतार हिरवेगार होतात. हंगामभर राबलेल्या जनावराने आता चार महिने पोटभर चरावे, अंगाने भरावे, असे मालकाला वाटते आणि त्या वाटण्यामागे खरी माया असते. परंतु काम बंद आणि चारा अमर्याद, या दोन गोष्टी एकत्र आल्या, की आधीच जाड असलेल्या तट्टाला त्याची किंमत खुरांनी मोजावी लागू शकते. लॅमिनायटिस या खुराच्या अत्यंत वेदनादायक आजाराची पूर्वतयारी शरीरात अशाच निवांत दिवसांत होत असते. हा आजार एकदा जडला की जनावर पूर्वीसारखे होईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तो टाळणे मात्र बऱ्याच अंशी मालकाच्या हातात असते, आणि त्यासाठी लागणारा खर्चही फारसा नाही.

घोड्याचे वजन खुराच्या तळव्यावर टेकलेले असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात खुराच्या आत पाचरीच्या आकाराचे एक हाड असते आणि ते खुराच्या कठीण भिंतीला आतून टांगल्याप्रमाणे धरून ठेवलेले असते. हाडावरच्या मऊ थरावर आणि भिंतीच्या आतल्या बाजूवर अतिशय पातळ, उभे पापुद्रे असतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत, तसे दोन्ही बाजूंचे हे पापुद्रे एकमेकांत घट्ट बसलेले असतात. एका खुरात असे मुख्य पापुद्रे साधारण ५५० ते ६०० असतात आणि त्यांतल्या प्रत्येकावर १५० ते २०० सूक्ष्म उपपापुद्रे असतात. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर पसरलेल्या या पकडीवरच जनावराचे वजन पेलले जाते. लॅमिनायटिसमध्ये ही पकड ताणली जाते, कमजोर होते आणि काही वेळा सुटते. मागच्या बाजूने मजबूत स्नायुबंध त्या हाडाला सतत ओढत असतो आणि वरून शरीराचा भार येत असतो. त्यामुळे पकड सुटलेले हाड खुराच्या आत फिरते किंवा खाली सरकते, आणि अगदी वाईट प्रसंगी त्याचे टोक तळवा फोडून बाहेर येते. खुराची भिंत कठीण असल्यामुळे आतल्या सुजेला पसरायला जागाच नसते, आणि म्हणूनच या आजाराच्या वेदना इतक्या तीव्र असतात.

या आजाराच्या वाटा तीन आहेत. घोडा धान्याच्या पोत्यात तोंड घालून भरमसाट धान्य खातो, घोडीची वार अडकते किंवा आतड्यांचा गंभीर आजार होतो, तेव्हा शरीरात विषारी द्रव्ये पसरून लॅमिनायटिस होऊ शकतो. एक पाय दीर्घकाळ जायबंदी राहिला, तर दुसऱ्या पायावर अखंड भार पडून त्या पायाला तो होतो. तिसरी वाट संप्रेरकांच्या बिघाडाची आहे. आज सर्वांत जास्त जनावरे याच वाटेने आजारी पडतात, आणि चराईचा प्रश्न मुख्यतः हिच्याशीच जोडलेला आहे.

गवतातली साखर आणि पिष्ट पोटात गेले, की रक्तातली साखर वाढते आणि ती आवरण्यासाठी शरीर इन्सुलिन सोडते. काही तट्टांमध्ये, विशेषतः जाड आणि बसून असलेल्या तट्टांमध्ये, थोड्याशा साखरेलाही शरीर अवाजवी प्रमाणात इन्सुलिन सोडू लागते आणि ते रक्तात दीर्घकाळ चढलेले राहते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी तट्टांच्या रक्तातले इन्सुलिन सतत खूप वाढलेले ठेवले, मात्र साखर नेहमीच्या पातळीवर राखली. तीन दिवसांच्या आत त्या तट्टांना लॅमिनायटिस झाला. ती तट्टे जाड नव्हती, त्यांना पूर्वी हा आजार झालेला नव्हता आणि त्यांच्या पोटात धान्याचा अतिरेकही झालेला नव्हता. म्हणजे चढलेले इन्सुलिन एकटेच खुरातली पकड सैल करायला पुरेसे ठरले. माझ्या मते चराईबद्दलचा सगळा विचार या एका निष्कर्षापासून सुरू व्हायला हवा, कारण ‘आमच्या घोड्याला चंदी (धान्याचा खुराक) फारशी नाही, नुसते गवतच खातो’ या समाधानाला त्यानंतर आधार उरत नाही. ते गवत किती आहे आणि कोणत्या वेळचे आहे, हा प्रश्न विचारावाच लागतो.

तट्टे याला अधिक बळी का पडतात, याचे उत्तर त्यांच्या काटकपणात आहे. आपल्या पठारावरच्या दख्खनी आणि भीमथडी रक्ताच्या घोड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या थोड्या, रूक्ष चाऱ्यावर आणि लांबच्या चालीवर दिवस काढले. मिळेल त्या चाऱ्यातून शक्य तेवढे साठवून ठेवणे हा त्यांच्या शरीराचा स्वभाव आहे. दुष्काळी माण-खटावमध्ये तो स्वभाव त्यांना तारतो. पावसाळी महाबळेश्वरात, जिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोच स्वभाव त्यांच्या अंगावर चरबी चढवत राहतो.

तट्टू जाड आहे की नाही, हे नजरेने ठरवू नये. सुटलेल्या पोटावरून तर मुळीच ठरवू नये, कारण निकृष्ट चाऱ्याने किंवा जंतांमुळे पोट सुटलेले आणि बरगड्या उघड्या पडलेल्या अशीही जनावरे असतात. तळहात सपाट ठेवून बरगड्यांवरून फिरवावा. हलक्या स्पर्शाने बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना ठळक दिसता कामा नयेत. दाबल्याशिवाय लागत नसतील, तर चरबी जास्त आहे. त्यानंतर शेपटीच्या मुळाशी, खांद्यामागे आणि मुख्य म्हणजे आयाळीखाली मानेच्या वरच्या कडेवर हात फिरवावा. तिथे जाड, घट्ट, एका बाजूला कललेला उंचवटा झाला असेल, तर ती इन्सुलिनच्या बिघाडाची मोठी खूण समजावी. शरीरस्थितीला १ ते ९ असे गुण देण्याची जी पद्धत जगभर वापरली जाते, ती अमेरिकेत हेनेक यांनी १९८३ मध्ये मांडली. तिच्यात ५ गुण मध्यम मानतात, आणि ७ किंवा त्याहून अधिक गुण मिळणाऱ्या तट्टाची चराई आवरलीच पाहिजे.

वजनकाटा बहुतेकांकडे नसतो, पण शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजावा, खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजावी, घेराला घेराने आणि मग लांबीने गुणावे आणि आलेल्या संख्येला ११,८८० ने भागावे. मापे सेंटिमीटरमध्ये असतील तर उत्तर किलोमध्ये येते. घेर १४० आणि लांबी १२५ असलेल्या तट्टाचे वजन या हिशेबाने सुमारे २०६ किलो भरते. हा आकडा अंदाजाचाच असतो, परंतु एकाच माणसाने, त्याच टेपने, दर पंधरवड्याला माप घेऊन भिंतीवर लिहून ठेवले, तर वजन कोणत्या दिशेने चालले आहे हे चुकत नाही. पावसाळ्यात ते वाढत असेल, तर आश्विन येईपर्यंत वाट पाहू नये.

आता गवताकडे वळू. ऊन असेपर्यंत गवताचे पान साखर तयार करत असते आणि रात्री वाढीसाठी ती खर्च करत असते. त्यामुळे पहाटे गवतात साखर सर्वांत कमी असते, दिवस चढतो तशी ती वाढत जाते आणि ऊन असलेल्या दिवशी दुपार कलताना सर्वांत जास्त होते. ऊन पडत राहिले पण कोणत्याही कारणाने वाढ थांबली, मग ती पाण्याच्या ताणाने थांबो वा थंडीने, की साखर खर्च होत नाही आणि साचत जाते. हे एवढे ध्यानात धरले, तर ऋतूप्रमाणे काय करावे याचा अंदाज प्रत्येकाला स्वतःच बांधता येतो.

युरोपातले सल्ले वाचून जसेच्या तसे इथे लावणे मात्र योग्य नाही. तिकडचे रायगवत थंड हवेचे आहे. ते उरलेली साखर फ्रुक्टान या रूपात खोडात आणि पानांत भरपूर साठवते. आपल्या डोंगरावरची हरळी, कुसळी, मारवेल ही उष्ण प्रदेशातली गवते आहेत. ती पानांत फ्रुक्टान साठवत नाहीत, पिष्ट साठवतात आणि त्या साठ्याला मर्यादा असते. किलोला किलो तोलले, तर आपले रानगवत सहसा रायगवतापेक्षा कमी गोड भरते. एवढ्यावरून आपले गवत निर्धोक आहे, असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो मान्य नाही. धोका साखरेच्या टक्केवारीत आहे तसाच तो खाल्लेल्या एकूण चाऱ्यातही आहे, आणि मोकळे सोडलेले तट्टू किती खाऊ शकते याची कल्पना बहुतेकांना नसते. दोनशे किलोच्या तट्टाला वजन टिकवायला दिवसाकाठी वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे पाणी वगळून ३ ते ४ किलो कोरडा चारा पुरतो. कुरणावर मोकळी सोडलेली तट्टे मात्र वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत कोरडा भाग पोटात घालू शकतात, असे आढळले आहे.

आषाढात धुके आणि संततधार असताना गवत पाणचट असते आणि उन्हाअभावी त्यात साखरही बेताचीच असते. तेव्हा चिंता मुख्यतः रिकाम्या बसलेल्या जनावराच्या वजनाची करावी. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की साखर वाढू लागते. भाद्रपद-आश्विनात पाऊस ओसरतो, ऊन तापते, गवत फुलोऱ्यावर येते आणि दाणा धरते. दाण्यात पिष्ट असते. चार महिन्यांत साठलेली चरबी आणि हे भरदार गवत एकाच वेळी समोर येतात. सर्वांत कडक पहारा मी या दोन महिन्यांत ठेवीन. पुढे मार्गशीर्ष-पौषात डोंगर पिवळा पडतो आणि रानगवताची भीती बरीच कमी होते, पण वेण्णा तलावाच्या परिसरात ज्या पहाटे दवबिंदू गोठतात, त्या दिवशी पाणी देऊन हिरव्या राखलेल्या हिरवळीवर किंवा तळ्याकाठच्या गवतावर तट्टाला सोडू नये. तापमान पाच अंशांच्या खाली गेले की रात्रीची वाढ थांबते, आदल्या दिवशीची साखर पानांतच राहते, आणि पहाटेचे गवत कमी गोड असते हा नियम त्या दिवशी लागू पडत नाही.

अगदी खुरटे, दाताने ओरबाडलेले गवत सुरक्षित असते, हाही एक चुकीचा समज आहे. पाण्याच्या किंवा खताच्या ताणाखाली असलेल्या अशा गवताच्या बुडख्यात साखर साचलेली असू शकते, आणि बुडखा कुरतडताना तट्टाच्या पोटात मातीही जाते. उघडी पडलेली जागा पाहून ‘इथे खायला काही नाहीच’ असे मानू नये. तट्टू दिवसभर तोंड खाली घालून असेल, तर ते काही ना काही खातच आहे.

कराड, वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात दिनमान वेगळे असते. तिथे धोक्याचा काळ गळीत हंगामाबरोबर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, कारण तोडीच्या फडातून वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्तात किंवा फुकट मिळतात आणि तीच वैरण म्हणून घोड्यापुढे पडतात. वाढ्याच्या वरच्या पानांपेक्षा त्याला लागून आलेल्या कांड्यात साखर अधिक असते, आणि घोडा नेमके तेच आधी निवडून खातो. शिवाय वाढ्यांत ऑक्झलेट असते, जे चाऱ्यातले कॅल्शियम शरीराला मिळू देत नाही. हत्तीगवताचीही तीच गोष्ट आहे. जाड तट्टाला वाढे, उसाचे कांडे, गूळ किंवा मळी यांपैकी काहीही देऊ नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. हिरवी ज्वारीही घोड्याला देऊ नये. कोवळ्या ज्वारीत विषारी द्रव्य असते, आणि ती सतत खाल्ल्याने घोड्यांच्या मूत्राशयाचा आणि मागच्या पायांचा गंभीर आजार होतो.

चराई आवरायची म्हणजे नुसते तास कमी करायचे, असे बहुतेकांना वाटते, आणि इथेच फसगत होते. मर्यादित वेळ सोडलेली तट्टे त्या वेळेत झपाट्याने चरायला शिकतात. तीन तासांत वजनाच्या जवळजवळ एक टक्का कोरडा चारा त्यांनी खाल्ल्याचे मोजमाप झालेले आहे. म्हणजे दिवसभराच्या गरजेचा निम्मा वाटा तीन तासांत पोटात गेला. म्हणून वेळेबरोबर जागाही मर्यादित करावी लागते. परदेशात त्यासाठी विजेच्या तारेचे सरकते कुंपण वापरतात. आपल्याकडे खुंटी आणि दोर हीच त्याची सोय आहे, मात्र दोराची लांबी विचारपूर्वक ठरवली पाहिजे. तीन मीटर दोराच्या टप्प्यात सुमारे २८ चौरस मीटर जागा येते आणि पाच मीटर दोराच्या टप्प्यात सुमारे ७८. दोर दोनच मीटरने लांबवला, तरी चारा पावणेतीनपटीने वाढतो. खुंटीला बांधलेल्या जनावरावर लक्ष ठेवणारे माणूस जवळ असावे, पाणी आणि सावली टप्प्यात असावी, आणि दोर पायात अडकून कातडी सोलली जाणार नाही असा रुंद, मऊ असावा. पुढचे दोन्ही पाय बांधून माळावर सोडण्याची रीत मात्र जाड तट्टाच्या हिताची नाही. त्याचे चालणे तेवढे कमी होते, खाणे कमी होत नाही.

सोडण्याची वेळ पहाटेची ठेवावी. उजाडण्याच्या सुमारास सोडून आठ-नऊ वाजेपर्यंत परत आणणे हे सर्वांत हिताचे. रात्रभर चरायला सोडून सकाळी आणावे, असाही सल्ला वाचायला मिळतो, परंतु पाचगणी-महाबळेश्वरच्या रानात बिबट्याचा वावर असल्याने तो इथे व्यवहार्य नाही. गाई किंवा मेंढ्या आधी चारून मग त्या जागेवर तट्टाला सोडले, तर भरदार शेंडे त्यांनी खाल्लेले असतात; घोड्याचे बरेचसे जंत गाई-मेंढ्यांच्या पोटात टिकत नसल्याने जंतांचा उपद्रवही कमी होतो.

मोकळ्या कुरणाखेरीज दुसरी जागाच नसेल, तर चराईचे मुसके वापरावे. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात ते दोरीचे मुसके यासाठी चालत नाही, कारण ते खाणे पूर्णच बंद करते. चराईच्या मुसक्याच्या तळाला अडीच-तीन सेंटिमीटरचे एक छिद्र असते. त्यातून गवताची थोडीशी टोके येतात आणि पाणी नीट पिता येते. नीट बसलेले मुसके गवताचे सेवन सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी करते. परंतु दिवसभर मुसके घालून रात्री ते काढले आणि त्याच कुरणावर मोकळे सोडले, तर तट्टू रात्रीत सगळी भरपाई करून घेते आणि वजन वाढतच राहते. मुसके निघाले की तट्टू गोठ्यात आणि समोर मोजलेली वाळकी वैरण, अशीच जोडी असली पाहिजे. दहा-बारा तासांपेक्षा जास्त वेळ मुसके ठेवू नये, नाकपुड्यांवर आणि गालांवर घासल्याच्या खुणा रोज पाहाव्यात, आणि पहिले काही दिवस तट्टू त्यातून पाणी पिते आहे, याची स्वतः उभे राहून खात्री करावी.

वजन उतरवायचे म्हणून तट्टाला उपाशी ठेवणे हा सर्वांत घातक उपाय आहे, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतो. उपाशी तट्टाच्या अंगातली चरबी एकदम रक्तात उतरते, यकृत निकामी होऊ लागते आणि जनावर दगावू शकते. गाभण घोडी आणि गाढवे यांना हा धोका विशेष असतो. दिवसाचा एकूण कोरडा चारा वजनाच्या दीड टक्क्याखाली पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय नेऊ नये. दोनशे किलोच्या तट्टासाठी हा हिशेब ३ किलोचा होतो, म्हणजे थोडा ओलावा धरून सुमारे ३.४ किलो वाळलेले गवत. हिरवी चराई असेल, तर तिचा वाटा यातून वजा करावा. काट्यावर तोललेले हे गवत तीन-चार वेळा विभागून, बारीक वीणीच्या जाळीत भरून टांगावे, म्हणजे ते सावकाश संपते आणि तासन्‌तास रिकामे पोट राहत नाही. वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरावे. त्याहून घाई करू नये.

वाळलेले गवत कोणते, हेही महत्त्वाचे आहे. उशिरा कापलेले, काडी झालेले डोंगरी गवत दुभत्या म्हशीला निकृष्ट वाटेल, पण जाड तट्टाला तेच मानवते. कुसळीचे गवत कुसळे झडून गेल्यावरचे घ्यावे, नाहीतर ती हिरड्यांत आणि जिभेखाली रुतून जखमा करतात. पाण्यात भिजवल्याने गवतातली विरघळणारी साखर बरीच उतरते. आपल्या हवेत तासा-दोन तासांचे भिजवणे पुरे, कारण त्याहून जास्त वेळ ठेवले तर ते आंबू लागते. ते पाणी फेकून द्यावे आणि गवत लगेच घालावे. थोडा वाटा गव्हाच्या काडाचा किंवा भाताच्या पेंढ्याचा ठेवता येतो, परंतु तो दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावा आणि पाणी भरपूर असावे, नाहीतर आतड्यात गोळा अडकून पोटशूळ होतो. पावसाळ्यात बुरशी धरलेले गवत कोणत्याही घोड्याला घालू नये. भिजवलेल्या आणि रूक्ष वैरणीत क्षार कमी पडतात, म्हणून मिठाचा खडा आणि घोड्यांसाठीचे क्षारमिश्रण द्यावे. गाईंच्या किंवा कोंबड्यांच्या खाद्यातले मिश्रण मात्र वापरू नये; त्यात कधी मोनेन्सिन हे औषध असते आणि ते घोड्याला अत्यंत विषारी आहे.

चंदीबद्दल थोडक्यात: जाड आणि बिनकामाच्या तट्टाला हरभरा, जव, मका, बाजरी यांची गरज नाही. तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी) पूर्ण बंद करणे मनाला पटत नसेल, तर त्यात मूठभर भिजवलेले, बारीक केलेले वाळके गवत आणि क्षारमिश्रण घालावे. जनावराचा हक्काचा वेळ चुकत नाही आणि नुकसानही होत नाही. पर्यटक प्रेमाने पुढे करतात ती मक्याची कणसे, गाजरे, ब्रेड आणि बिस्किटे यांचाही हिशेब दिवसाअखेर मोठा होतो. ‘याला काही खायला घालू नका’ असे घोडेवाल्याने सांगितले, तर कोणी रागावत नाही.

हालचालीने इन्सुलिनचा बिघाड सुधारतो. पाय निरोगी असतील, तर पावसाची उघडीप बघून रोज अर्धा तास हाती धरून भराभर चालवावे, दोन-तीन आठवड्यांनी दुडकीवर घ्यावे. नालबंदाकडून खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी साळून घ्यावेत. हंगाम नाही म्हणून चार महिने नालबंदाला बोलावलेच नाही, तर खुराचे टोक लांबते आणि प्रत्येक पावलागणिक त्या नाजूक पापुद्र्यांवर जास्त ताण येतो. नालबंदाचे निरीक्षणही मोलाचे असते. तळव्याच्या कडेची फिकट रेघ रुंदावली, तिच्यात रक्ताचे लाल डाग दिसले किंवा खुराच्या भिंतीवर टाचेकडे रुंद होत जाणारी वलये उमटली, तर लॅमिनायटिस दबक्या पावलांनी आधीच येऊन गेला आहे. वय पंधराच्या पुढे गेलेल्या आणि अंगावरची लांब लव वेळेवर न झडणाऱ्या तट्टाला पिट्युटरी ग्रंथीचा आजार असू शकतो. अशा तट्टाची तपासणी वेगळी करावी लागते, नुसती चराई आवरून भागत नाही.

इतके करूनही तट्टू एखाद्या सकाळी वळताना अडखळू लागले, खडीवर पाय टाकायला नाखूश दिसले, उभ्या जागी सारखा पाय बदलू लागले किंवा पुढचे पाय पुढे ताणून भार मागे टाकून उभे राहिले, तर त्याच क्षणी चराई बंद करावी आणि पशुवैद्यकाला बोलवावे. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे बोटे टेकवली, तर एरवी जेमतेम लागणारी नाडी अशा वेळी ठसठसत लागते. ती कुठे लागते हे तट्टू धडधाकट असतानाच शिकून ठेवावे. चालवल्याने पाय मोकळे होतील, या जुन्या समजुतीने त्याला फिरवणे म्हणजे सुटत आलेली पकड आणखी तोडणे होय. त्याला आहे तिथेच, वाळूच्या किंवा भुशाच्या जाड, मऊ बिछान्यावर उभे राहू द्यावे किंवा पडू द्यावे, जवळ पाणी आणि भिजवलेले गवत ठेवावे, आणि वैद्य येईपर्यंत खूर बर्फाच्या पाण्यात ठेवावेत. वेदनाशामक औषध मनाने देऊ नये. तट्टू जाड आहे आणि इन्सुलिनच्या बिघाडाची शंका आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, म्हणजे स्टेरॉइडचे इंजेक्शन द्यायचे की नाही हे त्यांना त्यानुसार ठरवता येते. पुढे एक्स-रेची आणि रक्ततपासणीची गरज पडली, तर कुठे जायचे हे त्यांनाच विचारावे. पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा जिल्ह्यातच, शिरवळला आहे.

लंगडणे थांबले म्हणजे खूर बरा झाला, असे नाही. खुराची भिंत वरून खाली वाढत टोकाशी पोहोचायला नऊ ते बारा महिने लागतात, आणि आतली नवी पकड त्या वाढीबरोबरच बांधली जाते. आश्विनात आजारी पडलेल्या तट्टाला दिवाळीच्या आणि नाताळच्या गर्दीत स्वाराखाली जुंपू नये. मालकाचे नुकसान होते हे खरे, पण अर्धवट जुळलेल्या पकडीवर माणसाचे वजन टाकले, तर पुढचे सगळेच हंगाम हातचे जाऊ शकतात. चराई तर त्याहून उशिरा सुरू करावी: वेदनाशामक बंद करूनही तट्टू कठीण जमिनीवर सरळ चालत असेल, मानेवरचा उंचवटा मऊ पडला असेल आणि वजन ठरवल्याइतके उतरले असेल, तरच. तेव्हाही आरंभ पहाटेच्या पंधरा-वीस मिनिटांनी, दोर हातात धरून करावा, दर आठवड्याला थोडा वेळ वाढवावा आणि रोज बाहेर काढण्यापूर्वी खुराची नाडी पाहावी. ती ठसठशीत लागली, तर त्या दिवशी तट्टू गोठ्यातच ठेवून त्याला वाळके गवत घालावे.